रद्दीत सापडलेला सोमवार

या आठवड्यात मी बातम्या बघितल्याच नाहीत. खरंच! घरात रंगकाम चालू आहे. टीव्हीवर चादर आहे, राउटर कुठल्या तरी खोक्यात गेलाय आणि मी स्वयंपाकघरात फतकल मारून फळ्यांवर कागद घालतोय. संपादकांना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे जी शांतता पसरली, ती काय वर्णावी. दर आठवड्याला जगाचा आढावा घेणाऱ्या माणसाने आठवडाच बघितला नाही म्हणजे काय! पण आईसाहेबांपुढे जग लहान असतं. "आधी फळ्या, मग तुझं जग," असं तिने सांगितलं आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात टाकला.

आमच्याकडे पेपर दोनदा वाचला जातो. एकदा सकाळी चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा बऱ्याच महिन्यांनी, डब्यांखाली घालताना. माझं विचाराल तर दुसरं वाचन जास्त चांगलं. पहिल्या वेळी सगळंच ब्रेकिंग न्यूज वाटतं. दुसऱ्या वेळी कळतं की अर्ध्याहून जास्त मजकूर हळदीचे डाग झेलण्याच्याच लायकीचा होता. पण मधूनच एखादं पान असं निघतं की हातातली कात्री थांबते. माझी थांबली ती सप्टेंबर २०२५ च्या गठ्ठ्यावर. ७ तारखेचा रविवार ते १४ तारखेचा रविवार, सलग, एकही अंक गहाळ नाही. म्हटलं, संपादकांना आठवडाच हवाय ना? हा घ्या, अख्खा!

(पहिल्यांदाच हे पान उघडणाऱ्यांसाठी: प्रस्तुत लेखक जुन्या वळणाचा आहे. चौतिशीतच ऑफिसात त्याला 'अप्पा' म्हणतात, कारण तो चालू असलेली गोष्ट बदलायची म्हटलं की "का?" असं विचारतो. हिंजवडीत हा फार मोठा गुन्हा आहे.)

तर, रविवार ७ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी आदल्या दिवशी झालेली, आणि लालबागचा राजा अजून गिरगाव चौपाटीवरच. आठवतंय ना? मिरवणूक निघून तीस तास उलटून गेले तरी विसर्जन होईना. त्या वर्षी नवा, यांत्रिक तराफा आणला होता. समुद्राला भरती, मूर्ती पाण्यात, आणि तराफ्याचं आणि पाण्याचं काही केल्या जमेना. अखेर रात्री, खग्रास चंद्रग्रहण लागायच्या थोडं आधी, विसर्जन झालं. त्या दिवशी सोशल मीडियावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणत होती, ग्रहणाचे वेध लागलेत, हा अपशकुन. दुसरी म्हणत होती, इतकी टेक्नॉलॉजी असून ही वेळ!

मला दोन्ही पटलं नाही. १९३४ साली हा गणपती बसवला तो लालबागच्या कोळ्यांनी आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी. भरती कधी चढते, पाणी कुठे ओढतं, लाट फुटायच्या आधी किती श्वास मिळतात हे कोळ्याला कोणी मॅन्युअलमध्ये लिहून दिलेलं नसतं. ते बापाबरोबर होडीत बसून येतं. यंत्र आणू नये असं माझं म्हणणं नाही. पण यंत्र आणलं की आपण पहिलं काय करतो, तर ज्याला विचारायचं त्याला विचारणं बंद करतो. ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं की अकाउंट्समधल्या वीस वर्षं जुन्या बाईंना ट्रेनिंगला बसवतात, त्यांच्याकडून मात्र काही शिकून घेत नाहीत. मग मार्चमध्ये सगळे त्यांच्याच टेबलाभोवती उभे! असो. हा कागद वरच्या फळीत गेला.

मग निघाला सोमवार, ८ सप्टेंबर. म्हणजे सोमवारच्या बातम्या, मंगळवारच्या अंकातल्या. आणि इथे मी बसलोच.

पहिल्या पानावर काठमांडू. ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, एक्स धरून २६ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म बंद केले. कारण काय, तर त्यांनी सरकारकडे नोंदणी केली नव्हती. त्याआधी काही दिवस नेपाळी पोरं 'नेपो किड्स'चे फोटो फिरवत होती. म्हणजे नेत्यांची मुलं, त्यांच्या परदेशातल्या सहली, त्यांच्या ब्रँडेड पिशव्या. आणि शेजारी फोटो कुणाचे, तर आखातात मजुरीला जाणाऱ्या गावातल्या पोरांचे. पोरं रस्त्यावर आली, काही शाळा-कॉलेजच्या युनिफॉर्ममध्ये. संसदेबाहेर पोलिसांनी गोळीबार केला. त्या एका दिवसात एकोणीस जण गेले.

इथे जुन्या वळणाच्या माणसाने काय म्हणायचं? 'मोठ्यांचा मान ठेवा'? अहो, मोठ्यांनी मान ठेवण्यासारखं काही ठेवलं असेल तर ना! २००८ मध्ये राजेशाही गेली, त्यानंतर तिथे एकाही पंतप्रधानाने पाच वर्षं पूर्ण केली नाहीत. ओली, देउबा, प्रचंड... तेच तिघे संगीत खुर्ची खेळत राहिले. संगीत थांबलं की एक उठायचा, दुसरा बसायचा, खुर्ची मात्र या तिघांच्या बाहेर फारशी जायची नाही. त्या पोरांचा संताप शंभर टक्के खरा होता आणि मुलांवर गोळ्या झाडणाऱ्या सरकारची बाजू घेणाऱ्याला जुन्या वळणाचं म्हणत नाहीत, निर्लज्ज म्हणतात.

त्यांचं चुकलं कुठे हे विचारण्याआधी हे स्पष्ट केलेलं बरं.

कारण दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जे झालं ते वेगळं होतं. ओलींनी राजीनामा दिला. आणि आग लागली. संसद जळली. सिंहदरबार, म्हणजे त्यांचं मंत्रालय, जळला. सर्वोच्च न्यायालय जळलं. कांतिपूर या त्यांच्या मोठ्या वृत्तपत्रसमूहाची इमारत जळली. तुरुंग फुटले आणि तेरा हजारांवर कैदी पळाले. जाळपोळ करणारे आम्ही नव्हेत, मध्ये घुसलेले लोक होते, असं आंदोलन सुरू करणाऱ्या पोरांनी सांगितलं. ते खरं मानायला मी तयार आहे. गर्दीला नेहमी कोणीतरी दुसराच चालवत असतो, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या आठवड्यात इकडे आपल्याकडे बरेच जण खूश होते. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाने सिंहदरबाराचा धूर दाखवत "काय सॉलिड ना!" म्हटलं होतं. मोठा माणूस खाली आलेला बघायला कोणाला आवडत नाही? मलाही आवडतं. पण संध्याकाळी घरी आलो तेव्हा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मला गेटवर थांबवलं.

हा मूळचा नेपाळचा, पार पश्चिमेकडच्या डोंगरातला. सोसायटीत सगळे त्याला 'बहादूर' म्हणतात, त्याचं नाव बहादूर नाही. (बाबा तेवढे त्याला नावाने हाक मारतात.) चार-पाच दिवस त्याचा घरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नव्हता, म्हणून बिचारा हैराण. आता लागला होता, घरचे सुखरूप होते, तरी चेहरा उतरलेला. म्हणाला, "साहब, एक बात पूछूँ? कोर्ट जल गया तो केस रहता है क्या?"

त्याच्या भावाची जमिनीची केस आहे, बरीच वर्षं चाललेली. त्याच्या जिल्ह्यातल्या कोर्टालाही आग लागल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. कागद तिथेच. दुसरी प्रत कुठे आहे त्याला ठाऊक नाही. ज्याच्याशी केस आहे तो गावातला वजनदार माणूस. मी म्हटलं, "रहता है, रहता है. कंप्यूटर में होगा." मला काय माहीत कंप्यूटर में होगा की नाही! पण तोंडावर नाही कसं म्हणणार? तो मान हलवून परत खुर्चीवर बसला.

कँटीनमधल्या त्या व्हिडिओत जो धूर होता ना, त्यात अशा किती भावांच्या केसी होत्या याचा हिशेब कोणी केला नाही. ओलींचं घर जळलं तरी ओलींना दुसरं घर मिळेल. देउबांनाही मिळेल. बड्या माणसाचे कागद नेहमी तीन ठिकाणी असतात, एक वकिलाकडे, एक सीएकडे, एक लॉकरमध्ये. कोर्टातली ती एकच मळकी फाइल ज्याचं सर्वस्व असते, तो मात्र साधा माणूस असतो. सर्वोच्च न्यायालयाचं काम पुढे आवारात तंबू ठोकून सुरू झालं. न्यायाधीश होते, वकील होते, पक्षकार होते. नव्हत्या त्या फायली.

आपल्याला हे समजायला हवं, कारण आपण कागदावर जगणारी माणसं आहोत. बघा, त्याच्याच आठवडाभर आधी, २ सप्टेंबर २०२५ ला, महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटचा जीआर काढला. मनोज जरांगेंचं आझाद मैदानावरचं उपोषण त्यावर सुटलं. आरक्षणावर माझं मत विचारू नका, ते या पानात मावणार नाही. पण सगळा झगडा कशाभोवती फिरत होता? जुन्या नोंदींभोवती! सप्टेंबर २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समिती निजामाच्या काळातली दफ्तरं धुंडाळत होती. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधावे लागले. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी कारकुनाने कंटाळत कंटाळत 'कुणबी' असा एक शब्द खरडला, आणि तो कागद कोणीतरी वाळवीपासून वाचवला. म्हणून आज कुणाच्या तरी नातवाच्या ॲडमिशनचा प्रश्न त्यावर ठरतोय. त्या कारकुनाला कोणी हार घातला नसेल.

आणि आपण आपले कागद कसे जपतो? २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. पाच माणसं गेली, वरचे मजले खाक झाले. आणि आपली पहिली प्रतिक्रिया काय होती? आदर्शची फाइल जळली का हो, असा जोक! (ती सीबीआयकडे होती.) ५ जानेवारी २००४ ला तर आम्ही पुणेकरांनी आमच्या नाकासमोर भांडारकर संस्था फुटताना बघितली. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावर राग होता, आणि जमावाने कपाटं पाडली, पोथ्या, पुस्तकं भिरकावली. राग शिवरायांच्या सन्मानासाठी म्हणे! ज्या माणसाने मराठी कारभाराला राज्यव्यवहारकोश दिला, त्याच्या नावाने पोथ्या तुडवायच्या? मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो बघून बाबा काहीही न बोलता बराच वेळ बसून होते, एवढं मला आठवतं. स्वतःला परंपरेचे रक्षक म्हणवणाऱ्यांनी हे केलं हे आमच्यासारख्यांनी कधी विसरू नये. आमच्या बाजूच्या माणसाने काडी लावली तरी कागद तितकाच जळतो.

काठमांडूची गोष्ट मात्र पुढे गमतीदार झाली. पोरांनी डिस्कॉर्डवर (हो, तेच, गेम खेळताना गप्पा मारायचं ॲप) चर्चा केली, मतदान घेतलं आणि हंगामी पंतप्रधान म्हणून निवडलं कोणाला? सुशीला कार्की. वय वर्षं ७३. माजी सरन्यायाधीश, बनारस हिंदू विद्यापीठातून शिकलेल्या. १२ सप्टेंबरला त्यांचा शपथविधी झाला, नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान. निवडणुकीची तारीख जाहीर झाली, ५ मार्च २०२६. म्हणजे इन्फ्लुएन्सर नको, रॅपर नको, स्टार्टअपवाला नको, सगळं मोडून पडलं तेव्हा पोरांना विश्वास ठेवायला सापडली ती कोर्टात आयुष्य काढलेली, कोणापुढे न वाकणारी एक आजी. विशीतल्या पोरांनी माझ्या कॉलमची बाजू याहून चांगली कधीच मांडली नसती.

आता पान उलटा. तोच सोमवार, आणि आतल्या पानावर, जाहिरातीच्या वर दोन कॉलमची बातमी. पॅरिस. फ्रान्सचे पंतप्रधान फ्रान्स्वा बायरू विश्वासदर्शक ठराव हरले, ३६४ विरुद्ध १९४. दगड नाही, गोळी नाही, आग नाही. सुटाबुटातल्या लोकांनी नऊ महिन्यांचं सरकार सभ्यपणे घरी पाठवलं. आपण वाचलंही नसेल.

पण हा ठराव बायरूंनी स्वतःहून मागितला होता. का? कारण ते म्हणत होते की घराचा हिशेब जमत नाहीये. फ्रान्सवर तीन लाख कोटी युरोंहून जास्त कर्ज, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहूनही जास्त. १९७४ नंतर त्यांच्या एकाही अर्थसंकल्पाचा ताळमेळ बसलेला नाही. म्हणून बायरूंनी ४४ अब्ज युरो वाचवायची योजना मांडली, आणि त्यात दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करा असं म्हटलं. बस्स, संपलं! सुट्टीला हात? तुमच्याआमच्या ऑफिसात दसऱ्याची सुट्टी काढायचा मेल आला तर काय होईल, त्याचा विचार करा.

बायरूंचं म्हणणं असं की हे कर्ज फेडणार कोण, तर आजची तरुण पोरं, आणि ते कशासाठी झालं, तर आधीच्या पिढीचा आराम चालू राहावा म्हणून. गंमत म्हणजे हे सांगणारा माणूस स्वतः त्याच पिढीचा, १९५१ चा जन्म. काका स्वतः उठून सांगतायत की आम्ही कार्ड घासलं, बिल तुमच्या नावावर येणार आहे, जरा सांभाळा. आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून काकांनाच बाहेर काढलं! बुधवारी 'सगळं बंद पाडा' म्हणून आंदोलन झालं, त्यात तरुणही भरपूर. शुक्रवारी फिच या पतमापन संस्थेने फ्रान्सची पत एक पायरी उतरवली. पुढे ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने २०२३ चा पेन्शन कायदाच थांबवून ठेवायचं कबूल केलं, निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा.

आता म्हणाल, पॅरिसशी आपला काय संबंध? मार्च २०२३ मध्ये आपल्या राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ती द्या, ही मागणी. त्यांची बाजू मला समजते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळतंय आणि आपल्याला नाही, हे कोणालाही टोचेल. पण तुम्ही-मी, हे मासिक हातात धरून शेअर कॅबमध्ये बसलेलो, आपल्याला दोन्हीपैकी काहीच नाही. आपल्याला पीएफ आहे, एसआयपी आहे, आणि टॅक्स आहे.

मग आपली लाडकी बहीण. २०२४ च्या निवडणुकीआधी महिन्याला १५०० रुपये सुरू झाले, निवडणुकीत २१०० चा शब्द दिला गेला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले, आणि त्याच अर्थसंकल्पात राज्याच्या डोक्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता. २१०० चा पत्ता नव्हता. नंतरच्या पडताळणीत बहिणींच्या यादीत काही भाऊही निघाले! आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे पैसे मिळतात, आणि त्यांनी त्यातून मुलीला कॉम्प्युटरचा क्लास लावला. त्यांच्याकडून ते काढून घ्या असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण ज्या सरकारला मी मत दिलं, त्याला मला विचारायचंय: मावशींना द्यायचे तर भरपूर द्या, पण कोणाच्या खिशातून, ते आधी सांगा. कारण मावशींची ती मुलगी कॉम्प्युटर शिकून पाच वर्षांनी नोकरीला लागेल, तेव्हा या कर्जाचा हप्ता तिच्याही पगारातून जाणार आहे. ऋण काढून सण करू नये, ही म्हण आपल्याकडे आजीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. अर्थखात्यात ती कोणी फ्रेम करून लावत का नाही?

विरोधकांनी यावर बोलावं म्हणाल, तर त्यांनी त्याच निवडणुकीत महिन्याला ३००० देऊ म्हटलं होतं. घ्या!

बाकीचा आठवडा भराभर सांगतो, आईने अजून दोन कपाटं रिकामी करून ठेवलीयत.

मंगळवारी उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक. आपले तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० असे जिंकले. मला त्यात आवडलेला आकडा वेगळाच, १५ मतं बाद! मतदार कोण, तर फक्त खासदार. देशाचे कायदे करणाऱ्या पंधरा जणांना मतपत्रिकेवर नीट आकडा लिहिता आला नाही, किंवा लिहायचा नव्हता. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते तुम्ही ठरवा.

बुधवारी अमेरिकेत चार्ली कर्कची हत्या. एकतीस वर्षांचा, उजव्या बाजूचा बोलका माणूस, युटामधल्या विद्यापीठात तंबूत बसून विद्यार्थ्यांशी वाद घालत होता. मला त्याची कितीतरी मतं पटत नव्हती, पण माइक समोरच्याच्या हातात देऊन 'मला खोटं ठरव' म्हणणं मला पटायचं. त्याच्या मरणावर हसणारे मेसेज मी वाचले. आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हाचे माझ्या ओळखीतल्या काही सज्जनांचे मेसेजही मला आठवले. 'वाईट झालं, पण...' असे. तो 'पण' मी त्यांना माफ केलेला नाही, आणि हसणाऱ्यांनाही नाही.

रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान. जिंकलो, सूर्यकुमारने हस्तांदोलन केलं नाही, देशभर चर्चा. पहलगामला पाच महिनेही झाले नव्हते, रागाचं कारण होतंच. पण मी जुन्या वळणाचा. खेळायचं नसेल तर खेळू नका, मी टाळ्या वाजवीन. खेळलात तर खेळाचा रिवाज पाळा. स्पॉन्सरचे पैसे हातात घ्यायचे आणि हात मात्र खिशात ठेवायचा, हे काही जमलं नाही. (शिव्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवा.)

आता परत त्या सोमवारकडे, कारण त्याची एक बातमी पेपरात आलेली नाही.

८ सप्टेंबर, भाद्रपद वद्य प्रतिपदा. पितृपक्षाचा पहिला दिवस. आमच्या आजोबांची तिथी तीच. घरात खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार-भोपळा, अळू, सगळा बेत. मी वर्क फ्रॉम होम घेतलेलं, म्हणजे कानात कॉल आणि नाकात वड्यांचा वास. गुरुजी आले. बाबा बसले. गुरुजींनी नावं विचारली: वडील, आजोबा, पणजोबा. बाबांनी तिन्ही धडाधड सांगितली. कॉल म्यूटवर होता, म्हणून मी ऐकत होतो. आणि लक्षात आलं की तिसरं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

म्हणजे बघा, मला फ्रान्सच्या शेवटच्या तीन पंतप्रधानांची नावं येत होती. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाही.

जेवण झाल्यावर बाबांना विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" म्हणाले, "मलाही नव्हतं. तुझे आजोबा गेले तेव्हा नाशिकला गेलो होतो. तिथल्या उपाध्यायांच्या नामावळीत निघालं." तीर्थक्षेत्राच्या उपाध्यायांकडे घराण्याघराण्यांच्या वह्या असतात, कोण कधी आलं, कोणाचा मुलगा, कुठल्या गावचा. बाबांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली वही सोडली आणि त्यात खापरपणजोबांची सही निघाली. मोडीत. गावाहून नाशिकला ते कसे आले असतील देव जाणे. त्यांची शेती नव्हती, घर राहिलं नाही, फोटो तर नाहीच. ते होऊन गेले याचा जगात एवढाच पुरावा, दीड ओळीचा. तोही एका अनोळखी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वही वाळवीपासून सांभाळली म्हणून.

एडमंड बर्क नावाच्या आयरिश माणसाने १७९० मध्ये, योगायोगाने फ्रान्सवरच लिहिताना, असं म्हटलं होतं की समाज ही गेलेले, असलेले आणि अजून जन्मायचे अशा तिघांची भागीदारी असते. (हाच बर्क वॉरन हेस्टिंग्जने भारतात केलेल्या जुलमांबद्दल ब्रिटिश संसदेत वर्षानुवर्षं भांडला, म्हणून मला जरा जास्तच आवडतो.) आमच्या गुरुजींनी बर्क वाचलेला नाही. त्यांनी तिन्ही पिंडांवर पाणी सोडायला लावलं, कावळ्याचं पान गच्चीत ठेवायला सांगितलं आणि दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेले. पितृपक्षात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

त्या संध्याकाळी मी ते नाव फोनमध्ये नोट करून ठेवलं. मध्ये फोन बदलला आणि ती नोट आली नाही. हे मला कळलं कधी, तर काल, हा गठ्ठा हातात आल्यावर. बाबांना परत विचारायला गेलो. ते म्हणाले, "कागदावर लिही." मग बॉलपेनने लिहिलं, चार पिढ्या, गाव, तिथी. एक प्रत माझ्या फाइलमध्ये, एक ताईकडे बंगळुरूला कुरियर करणार आहे. वॉचमनलाही विचारलं केसचं काय झालं. म्हणाला, भाऊ चकरा मारतोय, जुन्या वकिलाकडे काही झेरॉक्स निघाल्यात, बघू.

काठमांडूचं पान मी काढून ठेवलंय. पॅरिसवालं आईने उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हे तेलाच्या डब्याखाली घालू? जरा जाड दिसतंय."